गणपतीच्या आत चौकटीच्या पट्ट्या बसवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की खानापुरात नवं घर होतंय, गिलावा झालाय, आतल्या दारा-खिडक्यांच्या चौकटींभोवती नक्षीची पट्टी लावायची आहे. सागवानाची करून घ्यावी की तयार मोल्डिंग आणावं, आणि गणपतीच्या आत काम उरकेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गणपतीच्या आत पट्ट्या ठोकू नका.

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती केली तेव्हा आम्हीही हीच घाई केली होती. श्रावणात सहा दारांना तीन इंच रुंद सागवानी पट्ट्या बसल्या. कोपऱ्यांचे ४५ अंशांचे जोड इतके घट्ट की नख शिरत नव्हतं. होळीला बघतो तर प्रत्येक कोपरा आतल्या, म्हणजे चौकटीकडच्या बाजूने उघडलेला. पोस्टकार्ड सहज आत जायचं. बाहेरचं टोक मात्र टेकलेलंच. सुताराचा हात चुकला नव्हता. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीला जवळजवळ हलत नाही. रुंदी कमी झाली की ४५ चा काप ४५ चा राहत नाही, आणि पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. तुमच्याकडे तर जांबोटी-कणकुंबीच्या अंगाचा पाऊस. कोरड्या अथणीहून कोणी विचारलं असतं तर मी एवढा हट्ट धरला नसता.

लाकूड मात्र आत्ताच घेऊन ठेवा. घरातच, जमिनीला न टेकवता, थरांमध्ये लाकडाच्या पातळ चिपा ठेवून रचा, म्हणजे वारा खेळेल. गिलावा पुरता वाळू दे. दिवाळी झाली की बसवा.

आता सागवान की तयार. पॉलिश करणार असाल तर सागवान, आणि जमलं तर जुनं. पाडलेल्या घराचे वासे वखारीत मिळतात. ते वर्षानुवर्षं वाळलेले असतात, नव्या लाकडाइतके फुगत-आक्रसत नाहीत. कापायला देण्याआधी त्यातले खिळे तेवढे शोधून काढा. रंगच मारायचा असेल तर सागवान कशाला झाकायचं? पाइनची किंवा रबरवुडची तयार पट्टी घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, स्वस्त आणि नक्षीला सुबक, पण फरशी पुसताना खालचं टोक रोज पाणी पितं आणि भिजलेल्या पावासारखं फुगतं. न्हाणीघराच्या दाराला तर ते नकोच, तिथे पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) लावा.

नक्षी बघण्याआधी भिंत बघा. पट्टीचं खरं काम चौकट आणि गिलावा यांच्यातली फट झाकणं हे आहे, कारण लाकूड हलतं, भिंत हलत नाही, त्यामुळे तिथे भेग पडणारच. साडेचार इंची भिंतीत चौकट बहुधा दोन्ही बाजूंनी गिलाव्याला समतल येते. नऊ इंची भिंतीत ती एकाच बाजूला समतल असते, दुसरीकडे आत दबलेली, आणि तिथे पट्टी लागतच नाही. माप काढताना हे विसरलात तर दुप्पट लाकूड आणाल. समतल बाजूलाही पाणसळ धरून बघा. गिलावा चौकटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे असेल तर पट्टीखाली झाकली जाणारी तेवढी कड जुन्या पटाशीने उतरवा. चौकट पुढे असेल तर भिंतीच्या बाजूला प्लायची चीप द्या. पाठीमागून उथळ खाच मारलेली पट्टी मिळाली तर उत्तम, ती दोन्ही कडांवर नीट टेकते. रुंदी अडीच इंच पुरे.

बसवताना पट्टी चौकटीच्या आतल्या कडेशी समतल लावू नका. त्या कडेपासून पाच मिलिमीटर भिंतीकडे, तिन्ही बाजूंनी पेन्सिलची रेघ ओढा आणि पट्टी त्या रेघेवर ठेवा. बिजागरीला जागा राहते आणि चौकटीचा बारीक वाकडेपणा डोळ्यांना कळत नाही. आधी वरची आडवी पट्टी बसवा. मग उभीच्या एका टोकाला ४५ चा काप घ्या आणि ती उलटी उभी करा, टोकदार बाजू जमिनीवर. आडव्या पट्टीची वरची कड जिथे तिला लागते तिथे खूण करून सरळ कापा. टेप लावायची गरजच पडत नाही, आणि फरशीचा चढउतार आपोआप धरला जातो. खाली दोन मिलिमीटर मोकळे सोडा, म्हणजे पोछ्याचं पाणी वर चढणार नाही.

आतली कड चौकटीत एक इंची बारीक खिळ्यांनी, बाहेरची कड भिंतीत प्लग घालून स्क्रूने. सागवानाला टोकाजवळ आधी भोक पाडूनच खिळा मारा, नाहीतर चिरतं. कोपऱ्याच्या दोन्ही कापांना फेविकॉल लावाच, आम्ही तो लावला नव्हता. आणि पट्टीच्या पाठीला बसवण्याआधी सीलरचा एक हात द्या. समोर पॉलिश आणि पाठ कोरडी राहिली की पट्टी भिंतीकडून ओल ओढते आणि वाकते.

फरशीवाल्याला आजच सांगा की स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची टाइल, चौकटीपर्यंत आणू नको, पट्टीची बाहेरची कड जिथे येईल तिथे थांबव. पट्टी स्कर्टिंगपेक्षा थोडी जाड हवी, म्हणजे टाइलची कापलेली कड तिच्या आड जाते.

खिडक्यांचं थोडक्यात. खाली ग्रॅनाइटची पाटली असेल तर पट्टी तिन्ही बाजूंनीच लावा, उभ्या पट्ट्या पाटलीवर टेकू द्या. पश्चिमेच्या सरकत्या खिडक्यांना आषाढात खालून पाणी येतं, तिथे खालच्या बाजूला लाकूड अजिबात नको.

मापासाठी धरा: सात बाय तीनच्या दाराला एका बाजूने साधारण १८ फूट, दोन्ही बाजूंनी लागत असेल तर ३६. कापाकापीला धरून ४० फूट सांगा. देवघराच्या दाराला तोरणाचे हूक पॉलिशच्या आधीच मारून घ्या.