पिल्लू पस्तीस हजारांचं, हप्ता अकरा वर्षांचा

नाशिकच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: "चौथ्या मजल्यावर आमचा स्वतःचा टू बीएचके आहे, लिफ्ट आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९६,०००. मुलगा सातवीत, सासूबाई ७१ वर्षांच्या. यंदा मला दीड लाख बोनस मिळाला. मुलाला आणि मिस्टरांना जर्मन शेफर्ड हवाय. शेजारच्या सोसायटीत चोरी झाल्यापासून मलाही वाटतंय, राखणीला बरा. ब्रीडर पिल्लाचे ३५,००० सांगतो, महिन्याचा खर्च जास्तीत जास्त तीन हजार म्हणतो. रविवारपर्यंत ५,००० टोकन द्यायचंय. दीर म्हणतात, त्यापेक्षा रॉटवायलर घ्या. आम्हाला परवडेल का?"

ताई, रविवारी टोकन देऊ नका. कुत्रा पाळूच नका असं मी म्हणत नाहीये. माझ्या घरी बारा वर्षं जर्मन शेफर्ड होती, त्यामुळे तुमच्या लेकाला काय हवंय ते मला नीट कळतं. पण आज घेतलंत तर पहिल्या मोठ्या दुखण्यालाच तुमची आणि त्या जनावराची, दोघांची फरफट होईल.

तुम्ही पाठवलेला हिशेब आधी मांडते. घराचा हप्ता २८,५००, घरखर्च ३४,०००, शाळा-क्लास ९,०००, विम्याचे ५,५००, एसआयपी ८,०००. झाले ८५,०००. उरतात ११,०००. बँकेत अडीअडचणीसाठी १,४०,००० आहेत.

आता ब्रीडरचे 'तीन हजार'. पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलोचा असतो, मादी २२ ते ३२ किलोची. रोजचं चारशे ग्रॅम कोरडं खाणं धरलं तर महिन्याला बारा किलो लागतं. बऱ्यापैकी प्रतीचं साडेचारशे रुपये किलोने धरा, ५,४०० तिथेच गेले. घरी चिकन-भात शिजवून घातला तरी फारसं वाचत नाही, मी दोन वर्षं करून पाहिलंय. लसी, जंतांचं औषध, गोचीड-पिसवांच्या गोळ्या, एखादी किरकोळ तपासणी यांचे वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला १,०००. यात गोचिडीच्या गोळीवर काटकसर करू नका. पावसाळ्यात एक गोळी चुकवली आणि गोचीडताप झाला, तर रक्ततपासण्या आणि सलाइनमध्ये वर्षाच्या गोळ्यांचे पैसे आठवड्यात जातात. लग्नकार्याला, गावाला गेलात की बोर्डिंग आलं: दिवसाला ८०० प्रमाणे वर्षात पंधरा दिवस, म्हणजे पुन्हा महिन्याला १,०००. दोघंही नोकरीला जाता, तेव्हा एका वेळेला फिरवायला माणूस लावावा लागेल, त्याचे २,०००. पट्टा, ब्रश, शाम्पू आणि चावून टाकलेल्या चपला मिळून ६००. बेरीज दहा हजार होते. हे दर मी माझ्या घरच्या वह्यांवरून आणि मी पैशाचा सल्ला देते त्या पुण्यातल्या अशिलांच्या खर्चावरून धरलेत. नाशिकला थोडं इकडे-तिकडे होईल, पण तीन हजारांत काही भागणार नाही. शिवाय पहिल्या वर्षी ट्रेनर, पिंजरा, नसबंदी यांचे वीस-पंचवीस हजार वेगळे.

हा कुत्रा साधारण नऊ ते तेरा वर्षं जगतो. अकरा धरा. दहा हजारांचा खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर अकरा वर्षांत अठरा लाखांच्या घरात जातो. पिल्लाची किंमत त्यात कुठे दिसतही नाही. आणि हा हप्ता घराच्या कर्जासारखा मुदतीआधी फेडून मोकळं होता येत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती बँकेतल्या १,४०,००० ची. एसआयपी थांबवली तरी तुमच्या घराला महिन्याला ७७,००० लागतात, म्हणजे तुमच्याकडे दोन महिन्यांचीही शिल्लक नाही.

आमची राणी आठ वर्षांची असताना एका रात्री जेवणानंतर अस्वस्थ झाली. हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून हॉलमध्ये नुसत्या फेऱ्या. ओकारी काढायला मान खाली घाले, घशातून आवाज येई, बाहेर मात्र फेसाळ लाळेशिवाय काही नाही. पोटावर हात ठेवला तर ते ढोलासारखं ताणलेलं. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट वायूने फुगून पीळ पडतो, आणि काही तासांत जीव जातो. रात्री साडेअकराला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला, पोटाला पडलेला पीळ दाखवला आणि म्हणाले, आत्ता ऑपरेशन, अंदाजे ६८,०००, होय की नाही ते लगेच सांगा. मी 'होय' म्हटलं, कारण पिल्लू घरी आणलं त्या महिन्यापासून राणीच्या नावाने दीड हजारांचं रिकरिंग चालू होतं आणि ते मोडायला मला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. ती पुढे चार वर्षं जगली. त्याच रात्री बाकावर आणखी एक जोडपं होतं, त्यांचा लॅब्रॅडॉर आजारी होता. नवरा फोनवर एकामागून एक नातेवाइकांना पैसे मागत होता, आणि बायको कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसती बसली होती. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहितेय.

विम्याने भागेल असं वाटत असेल तर पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचा. वयाची अट, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ आणि आनुवंशिक आजारांना वगळणं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि जर्मन शेफर्डचं मोठं दुखणं, खुब्याच्या सांध्याचा दोष, आनुवंशिकच आहे. विमा जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता वेळेचं. पैशाच्या सल्ल्यात हे कुठून आलं असं वाटेल, पण या जातीच्या बाबतीत वेळ दिला नाही की पैसा जातो. ही जात १८९९ साली माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळातल्या कॅप्टनने नावारूपाला आणली. त्याच्या नोंदवहीतला पहिला कुत्रा होता होरांड. मेंढरं उभ्या पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने दिवसभर येरझारा घालणं हे या कुत्र्याचं काम. ते रक्तात आहे. त्याला रोज किमान दीड तास चालणं-पळणं आणि डोक्याला काहीतरी काम लागतं. वर्षाचे साधारण साडेपाचशे तास झाले. ते मिळाले नाहीत तर तो सोफा फाडतो, दारापाशी भुंकत राहतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येतं.

दिवसभर घरात सासूबाई आणि कुत्रा. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात सासूबाईंचं मत कुठेच नाही, ताई. दारावरची बेल वाजल्यावर पस्तीस किलोचं जनावर झेपावलं तर पट्टा कोण धरणार? आणि अकराव्या वर्षी त्याचे मागचे पाय गेले, त्याच दिवशी लिफ्ट बंद पडली, तर चार मजले उचलून कोण नेणार? तेव्हा तुमचा लेक घरी नसेल. आज तो बारा वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी पुण्याला-मुंबईला शिकायला गेला की उरलेली वर्षं कुत्रा तुमचा आणि मिस्टरांचा.

राखणीसाठी म्हणाल तर चांगलं लॅच, सेफ्टी डोअर आणि दारावरचा कॅमेरा एकदाच्या खर्चात बसतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तेवढं पुरे. शिवाय कुत्रा कुणाला चावला आणि मालकाचा हलगर्जीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, भरपाई वेगळी. रॉटवायलरचा विचार तर सोडूनच द्या. १२ मार्च २०२४ च्या पत्रात केंद्राने बंदी घालायला सांगितलेल्या २३ जातींत तो होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र १० एप्रिलला रद्द केलं खरं, पण नियम पुन्हा कधी बदलेल त्याचा नेम नाही. अशा ठिकाणी अठरा लाखांची जबाबदारी घेऊ नये.

मग मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? दीड लाख बोनस उचलून सरळ अडीअडचणीच्या खात्यात टाकला असता. झाले २,९०,०००. सहा महिन्यांचा खर्च ४,६२,०००. उरलेले १,७२,००० महिन्याच्या ११,००० तून सोळा महिन्यांत जमतात. तोवर मुलगा आठवीत असेल. तेव्हा पिल्लू आणलंत, तर दहावीच्या परीक्षेपर्यंत ते दोन वर्षांचं, बऱ्यापैकी शहाणं झालेलं असेल. पगारवाढ मी मुद्दाम धरलेली नाही; ती अकरावी-बारावीच्या क्लासला लागेल.

सोळा महिन्यांनंतरही जर्मन शेफर्डच हवा असेल, तर मादी घ्या. थोडी लहान, पट्ट्याला धरायला सोपी. पिल्लाच्या आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. ते दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून फुकटही घेऊ नका. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे २०१७ च्या नियमांत आहे. महापालिकेचा परवाना काढा. घरी आल्या महिन्यापासून त्याच्या नावाने रिकरिंग. खाणं दिवसातून दोनदा विभागून, आणि जेवल्यावर तासभर धावाधाव नाही.

मराठवाड्यातला कारवान घेऊ का असं मिस्टर विचारतील. देखणा, काटक, आपल्या मातीतला. पण तो सशांचा पाठलाग करणारा शिकारी कुत्रा आहे, त्याला मोकळं रान हवं. फ्लॅटला त्याच्यापेक्षा भटकी कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतून आणलेली, वर्ष-दोन वर्षांची शांत गावठी कुत्री जास्त मानवेल. ती पंधरा-अठरा किलोची असते, खाण्याचा खर्च निम्म्यावर येतो, स्वभाव आधीच कळलेला असतो. लेकाला एकदा अशा ठिकाणी नेऊन तर आणा.

येत्या जुलैपासून तीन महिने एक करा. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी १०,००० वेगळ्या खात्यात. ते तुमच्या शिल्लकीतच जमा होतात, नुकसान काही नाही. आणि रोज सकाळी पावणेसहाला पाऊण तास, रात्री पाऊण तास, लेक आणि मिस्टर यांनी चालून यायचं, पाऊस असला तरी. कोण गेलं, कोण नाही, ते सासूबाईंनी वहीत लिहायचं. सप्टेंबर संपला की त्या वहीचे फोटो आणि खात्याचं स्टेटमेंट मला पाठवा, मग पिल्लाचं बोलू.