वाचकांचे प्रश्न : एअरब्रशसाठी कमी आवाजाचा कॉम्प्रेसर

प्रश्न : गिरगावात चाळीत राहतो. रात्री प्लास्टिकची मॉडेल्स एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनाने) रंगवायची आहेत, पण शेजाऱ्यांची झोपमोड नको. कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

उत्तर : एअरब्रशच्या ०.३ मिमी नोझलला (रंग बाहेर पडतो त्या तोंडाला) १५ ते २५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो. त्यामुळे १/६ हॉर्सपॉवरचा, तेलाविना चालणारा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या, पण ३ लिटरची टाकी असलेलाच. टाकी भरली की मोटर आपोआप थांबते आणि तुम्ही शांततेत रंगवता; शिवाय हवा हिसके देत नाही. टायरमध्ये हवा भरायचा पंप मुळीच नको, तो कर्कश असतो आणि लवकर तापतो.

खालच्या मजल्याला त्रास होतो तो मुख्यतः कंपनांचा. म्हणून खाली जाड रबरी मॅट घाला, यंत्र भिंतीला टेकवू नका.

मुंबईत खरा शत्रू दमटपणा. दाबलेली गरम हवा नळीत थंड झाली की पाणी सुटतं आणि रंगात थेंब उडून डाग पडतात. रेग्युलेटरसोबतचा (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागासोबतचा) मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा भाग, हवाच. पावसाळ्यात ब्रशच्या बुडाशी आणखी एक छोटा लावा. काम संपल्यावर दाब उतरवून टाकीखालचा स्क्रू उघडा, पाणी काढा. नाहीतर टाकी आतून गंजते.