मराठीवरचा शोधनिबंध इंग्रजी जर्नलला पाठवायचा आहे. उदाहरणवाक्ये कशी लिहावीत?

प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्या: वर रोमन लिपीत पदांश (शब्दाचे अर्थ किंवा व्याकरण दाखवणारे सर्वांत लहान तुकडे) संयोगचिन्हांनी तोडून लिहिलेले वाक्य, त्याखाली पदांशागणिक अर्थ किंवा व्याकरणिक खूण आणि शेवटी अवतरणचिन्हांत इंग्रजी भाषांतर. यामागे 'लायप्झिग ग्लॉसिंग रूल्स' आहेत. ही दहा नियमांची छोटी पुस्तिका असून बहुतेक भाषावैज्ञानिक जर्नले तीच प्रमाण मानतात.

मराठीत खरी कसोटी दुसऱ्या ओळीची. 'रामाने आंबा खाल्ला' यातला 'ने' कर्त्याचा आहे, 'सुरीने कापला' यातला साधनाचा. दोन्हींना एकच खूण दिलीत, तर मराठी न येणाऱ्या परीक्षकाला तुमचा युक्तिवाद तपासताच येणार नाही. 'रामा-' हे सामान्यरूप आणि 'खाल्ला'मधले लिंग-वचनही दाखवा, कारण क्रियापद इथे आंब्याशी जुळते, रामाशी नाही. वरच्या ओळीत जितकी संयोगचिन्हे, तितकीच खालच्या ओळीत हवीत. पाठवण्याआधी एवढे तरी मोजून पाहाच.

लिप्यंतराला आयएसओ १५९१९ (भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक) चालते. फक्त 'राम'च्या शेवटी न उच्चारला जाणारा अ लिहायचा की नाही हे आधी ठरवा, पहिल्या तळटीपेत सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. निबंध ध्वनिविचारावर असेल, तर मात्र लिप्यंतर पुरत नाही, आयपीए (उच्चार नेमका दाखवणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) लागते.

जर्नलची स्वतःची शैलीपत्रिका वेगळे काही सांगत असेल, तर तिचेच ऐका.