आबाजींना डिमेंशिया होता, आता बाबाही विसरायले लागले. एका व्हिडिओत एक माणूस म्हणते की खाण्यानं जीन्स बदलून हा आजार परत फिरवता येतो, अन् त्यासाठी पावडर विकते. खरंच हे थांबते का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. आबाजींना होतं म्हणून बाबांना होणारच का, तर नाही, होणारच असं काही नाही. म्हातारपणी येणाऱ्या अल्झायमरमध्ये (डिमेंशियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) एपीओई-४ सारख्या जीननं धोका वाढतो, पण तो असूनही कित्येक जण शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. अन् व्हिडिओतला तो माणूस म्हणते तसं खाण्यानं जीन्स बदलून आजार परत फिरवता येतो का, तर खाण्याचा संबंध आहे, पण तो विकून राहिला ती पावडर घेऊ नका.

मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, घरी सासूबाईंचं हेच चालू आहे म्हणून बरंच वाचावं लागलं.

खाण्यानं जीन बदलत नाही, त्याचं चालू-बंद होणं बदलतं. सातबारा तोच राहते, पण यंदा कोणतं वावर पेरलं अन् कोणतं पडीत ठेवलं हे बदलते ना, तसं. डीएनएवर मिथाइल नावाचे बारके गट चिकटतात, जिथं चिकटले तिथला जीन बहुतेक वेळा दबतो, एपिजेनेटिक्सचा (जीन न बदलता त्याचं चालू-बंद होणं कसं बदलतं त्याचा अभ्यास) खाण्याशी सरळ जुळणारा भाग हाच. अन् हे लय वर्षं टिकू शकतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केली अन् हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली, तेव्हा नुकतीच पोटात राहिलेली लेकरं साठीला आल्यावर तपासली तर आयजीएफ-२ नावाच्या जीनवर मिथाइल कमी निघालं, २००८ चा अभ्यास आहे. पण तो डिमेंशियाचा अभ्यास नाहीच! व्हिडिओवाले त्याच्यावरून उडी मारून डायरेक्ट पावडरच्या डब्यावर येतात. अल्झायमरच्या मेंदूत मिथाइलचे बदल दिसतात हे खरं, पण त्यातले आजारानं झालेले कोणते अन् आजार आणणारे कोणते हे अजून सुटलेलं नाही, म्हणून रक्तातल्या मिथाइलच्या खुणा मोजून 'एपिजेनेटिक वय' सांगणाऱ्या महागड्या टेस्टवरही पैसे घालू नका.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे मिथाइल तयार व्हायला जेवणातलं फोलेट, बी-१२, बी-६, कोलिन लागतं. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन नावाचं द्रव्य रक्तात साचत जातं, अन् ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांच्यात डिमेंशिया जास्त दिसतो. शिवाय बी-१२ ची कमतरता स्वतःच विसराळूपणा, चिडचिड, पायाला मुंग्या, चालताना झोक जाणं असं सगळं करते, अन् वेळेवर सापडली तर बरंचसं भरून निघतं. आपल्याकडं बघा, म्हातारं माणूस माळकरी, अंडं-मटण कधीचं सुटलेलं, दात पडले म्हणून भाकर चावत नाही, मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वरणभात दोन घास, रात्री परत चहात काहीतरी बुडवून, दूध असलं तर ते डेअरीला जाते अन् घरात चहापुरतं राहते. वरून शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, अॅसिडिटीची गोळी रोज, या दोन्ही गोळ्यांनी बी-१२ चं शोषण कमी होतं. वनस्पतीत बी-१२ नसतंच, त्यामुळं कितीही पालक खाल्ला तरी ते भरत नाही, दूध-दही-ताक, अंडी, मासे, मटण यातूनच येतं, नाहीतर गोळी-इंजेक्शन. मेडिकलमधून नुसती फोलेटची म्हणजे फोलिक अॅसिडची गोळी आणून देऊ नका, त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं अन् बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

ऑक्सफर्डमध्ये सत्तरीच्या वरच्या, थोडं विसरू लागलेल्या लोकांना दोन वर्षं बी गटातली व्हिटॅमिनं जास्त डोसमध्ये दिली, २०१० ला रिझल्ट आला, मेंदू आकसण्याचा वेग साधारण ३० टक्के कमी, अन् होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना फायदा जास्त. पण अल्झायमर पक्का झालेल्यांवर असाच प्रयोग २००८ मध्ये झाला होता, तिथं आजार काही मंदावला नाही. म्हणजे वेळ महत्त्वाची.

डाएटचं म्हणाल तर मेंदूसाठी म्हणून गाजलेलं माइंड डाएट (पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, ऑलिव्ह ऑइल यांवर भर देणारं खाणं) ६०४ लोकांवर तीन वर्षं तपासलं, २०२३ ला निकाल आला, नेहमीचंच जेवण थोडं कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा खास फरक नाही. फिनलंडच्या प्रयोगात मात्र खाणं, व्यायाम, मेंदूला काम अन् बीपी-शुगरवर लक्ष, हे सगळं सोबत केलं तर फायदा दिसला. त्यामुळं बाबांना ऑलिव्ह ऑइल वगैरे नको. तुरीचं वरण घट्ट करा, अंबाडी, चवळी, मेथी जे वावरात मिळते ते द्या (भाजी उकडून पाणी फेकू नका, फोलेट त्यातच जाते), जवसाची चटणी चांगलीच, ओमेगा-३ आहे, शरीर त्यातलं थोडंच वापरून घेते ही गोष्ट वेगळी. गोंदिया-भंडाऱ्याकडचे असाल अन् खात असतील तर बोडीतले (गावच्या छोट्या तळ्यातले) मासे. भाकर ताकात कुस्करून दिली की चावायचा प्रश्न मिटते.

अन् ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात १४ कारणं दिली आहेत जी सांभाळली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेंशिया टळू किंवा लांबू शकतो, त्यात बहिरेपणा, बीपी, शुगर, नजर हे सगळं येतं.

आधी बी-१२, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन करून घ्या, मग सेवाग्रामच्या दवाखान्यात नाहीतर नागपूर-यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला मेडिसिन ओपीडीत दाखवा. दोन-चार दिवसात अचानक भ्रमिष्टासारखं झालं किंवा पडून डोक्याला लागलं असलं तर मात्र रिपोर्टची वाट नका पाहू, त्याच दिवशी न्या. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या अन् मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे ते आठवून सांगा, पण मनानं बंद करू नका.