कुड्याची साल विकण्याआधी

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीत आणि गडग्याकडेला (दगडी कुंपणाकडेला) कुड्याची झाडं आपोआप वाढली आहेत. एक व्यापारी वाळलेली साल मागतो. द्यावी का? काजू काढून कुडाच लावला तर परवडेल का? आणि पोटाच्या तक्रारीवर घरी साल उगाळून घेतली तर चालते का?

उत्तर : आधी कुडा कोणता ते पाहा. आयुर्वेदातला कुटज, म्हणजे कुटजारिष्ट या पोटाच्या औषधात जातो तो, पांढरा कुडा. त्याची पानं रुंद, जवळजवळ बिनदेठाची. जोडशेंगा लांब, बारीक, एकमेकींपासून सुट्या. बी कडू, म्हणून तो कडू इंद्रजव. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पानं वाळली की काळपट पडतात आणि बी गोडसर लागतं. चीक दोघांनाही पांढराच, तेव्हा चिकावर जाऊ नका. शंका असली तर पानाशेंगांसकट फांदी आमच्या कार्यालयात आणा. नुसत्या सालीवरून मलाही छातीठोक सांगता यायचं नाही, आणि भेसळ होते ती इथेच.

साल द्यायला हरकत नाही, पण ती काढणार कोण आणि कशी, हे तुम्ही ठरवा. खोडाची साल गोल सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं. व्यापारी वजनाचे पैसे देऊन मोकळा होतो, पुढच्या वर्षी गडगा तुमचाच उघडा पडतो. कुडा तोडला तर मात्र जोमाने फुटतो, मुळांवरूनही फुटवे येतात. म्हणून जून झाडांच्या जाड फांद्याच तोडा आणि त्यांची साल काढा. एका वर्षी तिसरा हिस्सा झाडांनाच हात लावा, बाकीची पुढच्या पाळीला. काम पाऊस सरल्यावर करा. आपल्या दमट हवेत भर पावसात काढलेल्या सालीला बुरशी येते आणि माल परत येतो. झाडं वनजमिनीतली असतील तर वन खात्याच्या परवानगीशिवाय कोयता लावू नका.

काजू काढून कुडा? अजिबात नको. सालीला यायला आठ-दहा वर्षं जातात आणि गिऱ्हाईक ठरलेलं नसतं. गडग्याला, कातळाच्या कडेला, जिथे दुसरं काही तगत नाही तिथे लावा. थंडीच्या अखेरीस शेंगा तडकायच्या आत बी काढा, नाहीतर कापूस फुटून वाऱ्यावर जातं. ताजं बी रोपांच्या पिशवीत पेरा. खरं सांगायचं तर पावसाळ्यातल्या कोवळ्या शेंगांच्या जुड्या बाजारात नेल्या तर पैसा लवकर हाती येतो आणि झाडही शाबूत राहतं. उकडून ते पाणी ओतून दिलं की भाजीचा कडवटपणा जातो, हे घरच्या बायकांना मी सांगायला नको.

औषधाचं म्हणाल तर हगवणीवर कुडा हा जुना उपाय, पण मात्रा वैद्याला विचारूनच घ्या. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल लहान असेल, तर उगाळत बसू नका. क्षारसंजीवनीचं (ओआरएसचं) पाणी पाजत थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.