मोरिन्यो फर्ग्युसनच्या इतका जवळ कसा? युनायटेडच्या मॅनेजरांची टक्केवारी जरा उलगडून

तुमचा तक्ता बघितला. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लबचे मॅनेजर विजयाच्या टक्केवारीने लावलेत. रूड व्हॅन निस्टलरॉय ७५ टक्के घेऊन वर बसलाय, सर ॲलेक्स फर्ग्युसन ५९.६७, मोरिन्यो ५८.३३. आणि तुमचा प्रश्न असा की दोघांत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक असेल, तर मोरिन्योला हाकललं कशाला? आकडे बरोबर आहेत हो. पण ते एका रांगेत उभे करायच्या लायकीचे नाहीत.

आधी निस्टलरॉयला बाजूला काढू. २०२४ मध्ये मॅनेजर टेन हाग गेल्यावर त्याने चार मॅच सांभाळल्या, तीन जिंकल्या, एक बरोबरीत. चारही घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला. तीनपैकी दोन विजय लेस्टरविरुद्ध, जी टीम त्या सीझनला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. (घसरली तेव्हा तिचा मॅनेजर कोण होता? निस्टलरॉयच. असो.) क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम आहे ना, एक टेस्ट, एकच डाव, ११२ धावा, सरासरी ११२, ब्रॅडमनच्या वर! त्याला कुणी ब्रॅडमनपेक्षा मोठा म्हणत नाही. मी माझ्या एक्सेलमध्ये ५० मॅचच्या आतल्यांना वेगळ्या शीटवर टाकतो.

आता मोरिन्यो. १४४ मॅच, ८४ विजय. फर्ग्युसन १५०० मॅच, ८९५ विजय. हे सगळ्या स्पर्धा धरून. फक्त प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग काढा. फर्ग्युसन: ८१० मॅच, ५२८ विजय, म्हणजे ६५ टक्क्यांच्या वर. मोरिन्यो: ९३ मॅच, ५० विजय, म्हणजे ५४ च्याही किंचित खाली. सव्वा टक्क्याचे एकदम साडेअकरा झाले.

हे होतं कसं? दोन्ही बाजूंनी. मोरिन्योच्या पहिल्या सीझनला, २०१६-१७ ला, युनायटेड लीगमध्ये सहावी आली. ३८ पैकी फक्त पाच मॅच हरली, पण १५ बरोबरीत सोडल्या. त्याच वर्षी युरोपा लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या फळीची स्पर्धा) झोर्या, फेनरबाचे, रोस्तोव, आंडरलेख्ट अशा टीमना हरवत स्टॉकहोमला आयाक्सविरुद्ध फायनल जिंकली, लीग कपही घेतला. ट्रॉफी ती ट्रॉफीच, मी स्वतः नाचलोय. पण त्या मॅचनी एकूण टक्केवारी फुगते हे खरं.

दुसऱ्या बाजूने फर्ग्युसनचा एकूण आकडा खाली ओढतात त्याची सुरुवातीची वर्षं (प्रीमियर लीग १९९२ ला सुरू झाली, म्हणून तिच्या आकड्यात ती येत नाहीत), आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये आला, पहिलीच मॅच ऑक्सफर्डकडून २-० हरला. १९८८-८९ ला लीगमध्ये ३८ पैकी १३ विजय, अकरावा नंबर. १९८९-९० ला पुन्हा १३ विजय, तेरावा नंबर. त्या सीझनला सप्टेंबरमध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ धुतलं होतं. दोन सीझन मिळून ७६ मॅचमध्ये २६ विजय, ३४ टक्के! तुमच्या तक्त्यात तळाकडे पडलेल्या राल्फ रांगनिकचे ३७.९३ आहेत. (त्याचे सगळ्या स्पर्धांचे आहेत, हे फक्त लीगचे, म्हणून तंतोतंत तुलना नाही. तरीही.) जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅमला एफए कपच्या मॅचमध्ये मार्क रॉबिन्सने गोल केला, युनायटेड १-० जिंकली, आणि मे महिन्यात तोच कप घरी आला. तोवरची टक्केवारी बघून निर्णय घेतला असता, तर आज आपण काय बोलत बसलो असतो?

मग मॅट बझबी. तुमच्या तक्त्यात ते फर्ग्युसननंतर आलेल्या मॉयेसच्या खाली आहेत. मॉयेस ५१ पैकी २७, म्हणजे ५२.९४. बझबी ११४१ पैकी ५७६, म्हणजे साधारण ५०.५. हे वाचून ओल्ड ट्रॅफर्डबाहेरचा बझबींचा पुतळासुद्धा मान फिरवेल. १९४५ ला त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा क्लबला खेळायला स्वतःचं मैदान नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले होते, १९४९ पर्यंत घरच्या मॅच सिटीच्या मेन रोडला. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकचा विमान अपघात झाला, आठ खेळाडू गेले, बझबी स्वतः मरणाच्या दारातून परतले. त्यानंतर नव्याने टीम उभी करून १९६८ ला वेम्ब्लीवर बेनफिकाला ४-१ हरवून युरोपियन कप. पाच लीग विजेतेपदं वेगळीच.

त्या काळाचा हिशोबही वेगळा होता. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोनच गुण मिळायचे, त्यामुळे बाहेरच्या मैदानावरची बरोबरी म्हणजे अर्धा विजय. शिवाय १९६१ पर्यंत खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती, म्हणजे चार श्रीमंत क्लबनी सगळे चांगले खेळाडू उचलून न्यायची आजची सोय नव्हती. अशा लीगमध्ये ५० टक्के विजय जड होते. फर्ग्युसनच्या आधीच्या रॉन ॲटकिन्सनचे मात्र बरोब्बर ५०.०० आहेत, २९२ पैकी १४६. जणू मुद्दाम मोजून सोडलेत.

आता तुम्ही खाली तळटीपेत विचारलंय की टेन हागचे विजय एका साइटवर ७० आणि दुसरीकडे ७२ का. हे सोपं आहे, पेनल्टी शूटआउट, म्हणजे बरोबरी फोडायला आळीपाळीने मारलेल्या पेनल्टी. नियमाने शूटआउटच्या आधी गोल सारखे असतील तर मॅच बरोबरीत धरतात. त्याने एफए कपच्या दोन सेमीफायनल शूटआउटवर काढल्या, २०२३ ला ब्रायटन आणि २०२४ ला कॉव्हेंट्री. २०२४ चं कम्युनिटी शील्ड सिटीविरुद्ध शूटआउटवरच हातचं गेलं. म्हणून १२८ मॅचचा हिशोब एकीकडे ७० विजय, २३ बरोबरी, ३५ पराभव, आणि दुसरीकडे ७२, २०, ३६. दोन्ही जुळतात, फक्त शूटआउट कुठे टाकलं एवढाच फरक.

याच नियमाने मे २००८ ची मॉस्कोची चेल्सीविरुद्धची चॅम्पियन्स लीग फायनल फर्ग्युसनच्या ३३८ बरोबरींत पडते. आपल्याकडे सव्वाबाराला सुरू झालेली मॅच, पहाटे तीनच्या सुमारास चेल्सीचा टेरी पेनल्टी मारताना घसरला, मग व्हॅन डर सारने अनेल्काची पेनल्टी अडवली, आणि आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये खुर्ची मोडली. युरोपचं विजेतेपद, आणि तक्त्यात ते ‘ड्रॉ’. उलट २०२१ ला गदान्स्कला युरोपा लीगच्या फायनलमध्ये व्हिलारियालने ११-१० ने शूटआउटवर हरवलं, तो पराभव तेव्हाचा मॅनेजर सोलस्कायरच्या खात्यात लागतच नाही.

तर मोरिन्यो का गेला? २०१७-१८ ला ८१ गुणांनी दुसरा आला, ते चांगलंच होतं. पण डिसेंबर २०१८ मध्ये गेला तेव्हा १७ लीग मॅचमध्ये सातच विजय होते आणि टीम लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे. बोर्डाने बघितले ते हे सात विजय, ५८.३३ नाही.

आणि मग बोर्डानेही तुमच्या तक्त्यासारखंच केलं. सोलस्कायर काळजीवाहू म्हणून आला, पहिल्या आठ मॅच ओळीने जिंकल्या, १९ पैकी १४ विजय. म्हणजे जवळपास ७४ टक्के. मार्चअखेर त्याला कायम केलं. पुढच्या दहा मॅचमध्ये दोनच जिंकला. शेवटची घरच्या मैदानावर, आधीच लीगमधून घसरलेल्या कार्डिफकडून, ०-२.