पाठीवरचे व्रण वाचा, बरणी शोधा

प्रश्न : माझा भाऊ फ्लोरिडात असतो. त्याने माझ्या लेकीच्या नावाने तिथली एक मॅनाटी (पाण्यात राहणारा मोठा सस्तन प्राणी) दत्तक घेतली. फोटो आणि प्रमाणपत्र घरी आलं. आता दहाव्या वाढदिवसाला तिला ‘मॅनाटीचा जिओकॅश’ शोधायचाय. हे खूळ मामानेच डोक्यात भरवलंय. सात-आठ लेकरं येतील. हे असतं काय, आणि आमच्या गावात कसं जमवायचं?
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, खूळ चांगलं आहे. मी भूगोलाचा मास्तर; अक्षांश-रेखांश शिकवण्यात माझी हयात गेली. लेकरं ते आपण होऊन मागतायत म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणू?

मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्या एकाने रानात बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. जिओकॅश म्हणजे अशी लपवलेली डबी. ती अक्षांश-रेखांशावरून शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबी होती तिथेच परत. पुरायची मात्र नाही.

आता तुमची मॅनाटी. ती काही घरी येणार नाही, हे लेकीला आधीच सांगून टाका. हे दत्तक नावापुरतं असतं, पैसे प्राण्यांच्या रक्षणाला जातात. 1981 साली गायक जिमी बफे आणि फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर बॉब ग्रॅहम यांनी ‘सेव्ह द मॅनाटी क्लब’ काढला, तो हेच करतो. फ्लोरिडातल्या ब्लू स्प्रिंगच्या झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं, म्हणून थंडीत मॅनाटी तिथे गोळा होतात. त्यातली कोणती कोण, हे बोटींच्या पंख्यांनी पाठीवर पडलेल्या व्रणांवरून ओळखतात.

खेळाचा जीव या व्रणांत आहे. तीन सारख्या बरण्या घ्या, लोणच्याच्या, फिरकीच्या झाकणाच्या. प्रत्येकीच्या झाकणावर खडूने वेगवेगळे व्रण काढा. खरी बरणी एकच, जिचे व्रण फोटोतल्या पाठीशी जुळतात ती. लेकरं फोटो हातात घेऊन झाकणं न्याहाळत बसतील. बक्षिसापेक्षा मला तेच बघायला आवडेल.

मॅनाटीचा जवळचा नातेवाईक कोण? हत्ती! आणि हत्तीखाना लेणी तुमच्या गावातच. लेण्यांतले दगडी हत्ती लेकरांकडून मोजून घ्या आणि तो आकडा बरणीचा पत्ता देणाऱ्या पुढच्या चिठ्ठीतल्या रिकाम्या जागी भरायला लावा. पण बरणी तिथे ठेवू नका, ती जुनी वास्तू आहे. बसस्टँड, बँक, देवळाची गर्दी हेही टाळा. बेवारस डबा दिसला की आधी पोलीस येतात, मग लेकरं. ओळखीच्या मळ्यात ठेवा, मालकाला सांगून. विहिरीपासून लांब. बरणीवर ‘लेकरांचा खेळ’ असं ठळक लिहा. आत खाऊ नको, मुंग्या आधी पोचतात.

आकड्यांत माझी फजिती झाली होती, ती तुमची होऊ नये. तुमच्या गावाचा अक्षांश साधारण 18 अंश 43.8 मिनिटं आहे; एका अंशात 60 मिनिटं, म्हणजेच 18.73 अंश. कुणी घाईत 18.438 टाकलं की ठिपका 32 किलोमीटर दक्षिणेला! मी हेच केलं. घरामागच्या चिंचेखालची बरणी मोबाईल दुसऱ्या तालुक्यात दाखवत होता आणि नातू माझ्याकडे बघत होते. नकाशावर बोट दाबून धरलं की येणारा आकडा जसाच्या तसा घ्या. दशांशानंतरचा चौथा अंक एकाने चुकला तरी अक्षांशात अकरा मीटरचा फरक पडतो. दाट झाडीखाली मोबाईल आणखी भरकटतो, म्हणून ‘कडूलिंबाच्या उगवतीला’ अशी खूण जोडीला द्या.

वहीसोबत पेन नको, ओल लागली की शाई पसरते. पेन्सिलच ठेवा, आणि दोन ठेवा. एक हमखास कुणाच्या तरी खिशात जाते.